ग्रिलवाल्या मिस्त्रीकडनं करून घेतलेला मोबाईल (फोन नव्हे), ५ पैकी ४ स्टार

घरात सांगितलं की मोबाईल करायला टाकलाय, तर आई म्हणाली आधीच्याला काय धाड भरली? तर हा तो नव्हे, हा छताला टांगायचा, तारेच्या दांड्या आणि पत्र्याची पानं, वारं आलं की आपापला फिरत राहतो. अलेक्झांडर कॉल्डर म्हणून अमेरिकन शिल्पकार होता, हा प्रकार त्याचा, आणि मोबाईल हे नाव १९३१ ला मार्सेल द्युशाँ ह्या फ्रेंच कलाकारानं दिलं. तेव्हा खिशातला फोन कुणाच्या डोक्यातसुद्धा नव्हता.

आधी ऑनलाईन मागवलेला. पुठ्ठ्याचा निघाला, सांगलीच्या पावसाळ्यात चार दिवसात पापडासारखा वाकला, परत घेतला नाही ते वेगळंच. मग डेकोरेशनवाल्यांकडं चौकशी केली, सगळे झुंबरच दाखवतात. शेवटी कुपवाड रोडला गेट, ग्रिल आणि उसाच्या ट्रॉल्या करणाऱ्या मिस्त्रीकडं गेलो, फोनवर फोटो दाखवला. तो दोन मिनिटं बघत बसला आणि म्हणाला, "ही तर तागडीच की वं, एका तागडीला दुसरी टांगलीया. पासंग काढाय लागंल." मी तिथंच ॲडव्हान्स दिला.

मिस्त्रीला सांगितलं की हा कॉल्डर मूळचा मेकॅनिकल इंजिनिअर, १९१९ चा पासआउट, जहाजाच्या बॉयलर रूममध्येपण काम केलेलं. आजोबा आणि वडील दोघं शिल्पकार, पण हा खिशात पक्कड आणि तार घेऊन फिरणारा. १९३० ला पॅरिसला माँड्रियान नावाच्या चित्रकाराच्या स्टुडिओत गेला, भिंतीवर रंगीत चौकोन लावलेले बघून म्हणाला हे हलले पाहिजेत, माँड्रियान काय तयार झाला नाही, मग ह्यानंच हलणारी कामं सुरू केली. पहिली कामं मोटर आणि हँडलवर चालायची, पण मोटर तेच तेच फिरवते म्हणून नंतर सगळं वाऱ्यावर सोडलं. मिस्त्री सगळं ऐकून म्हणाला, "म्हंजे आपल्यातलाच की." मग कॉल्डरचंच शिकागोतलं मोठं शिल्प, लाल फ्लेमिंगो, फोटोत दाखवला, १९७४ चा, ५३ फूट उंच, तो हलत नाही. तर मिस्त्रीचं लक्ष सगळं बोल्टवर.

आता कामाचं. ७ पानं, ६ दांड्या, रुंदी ४ फूट, ॲल्युमिनियम पत्रा, २८०० रुपये. पहिल्या दिवशी वरनं सुरुवात केली आणि सगळं एका अंगाला कललं. हे खालनंच बांधायचं असतं, सगळ्यात बारकी दोन पानं आधी. दांडीला दोऱ्याचा फास टाकून बोटावर धरायची, फास इकडंतिकडं सरकवायचा, दांडी आडवी थांबली की तिथं खडूची खूण, मग पक्कडीनं कडी वळवायची, आणि हे सगळं मिळून वरच्या दांडीच्या एका टोकाचं वजन होतं. मोठं पान २०० ग्रॅमचं असेल आणि कडीपासून १० सेंटिमीटरवर असेल, तर पलीकडं ४० सेंटिमीटरवर ५० ग्रॅम पुरतं. शाळेत हे शिकलोय पण बोटावर तोललेलं पहिल्यांदाच बघितलं, तासभर तिथंच उभा होतो, गाडी उन्हात.

एक स्टार कापला तो रंगासाठी. तोलून झाल्यावर लाल ऑइलपेंटचे दोन हात मारले, रंगालापण वजन असतं हे दोघांच्याही ध्यानात आलं नाही, मोठं पान खाली बसलं. मग कानशीनं त्याची कड घासून घासून पासंग काढला, तिथं पत्रा अजून उघडा दिसतो. आधी रंगवा, वाळू द्या, मग तोला. शिवाय वर साधा एस हूक लावलेला, फिरताना कुईकुई करायचा, मासे पकडायच्या गळाला लावतात ती फिरकी मी स्वतः आणून बसवली. परवा देतो म्हणून अठरा दिवस लावले, पण ते धरून चालायचं.

घरात फॅन एकच्या पुढं नेऊ नका, पानं एकमेकांवर आपटतात. खिडकी उघडी असली तर फॅन लागतच नाही, आणि कॉल्डर १९५५ ला अहमदाबादला साराभाई ह्या उद्योगपती घराण्याकडं येऊन असली कामं करून गेला, त्यामुळं आपल्या हवेत चालतील का वगैरे विचारू नका.

दुकानाचं नाव टाकत नाही, मिस्त्रीनंच सांगितलंय, हंगाम तोंडावर आहे, ट्रॉल्यांची कामं पडून आहेत, अशी गिऱ्हाइकं आत्ता पाठवू नका. परवा बिल द्यायला गेलो तर वेल्डिंगच्या टेबलावर ट्रॉलीच्या उरलेल्या पत्र्याचा एक टांगलेला, ५ पानांचा, बिनरंगाचा, माझ्यापेक्षा सरळ तोललेला. केवढ्याला म्हणून विचारलं, तर म्हणाला तो इकायचा न्हाई.