पेरू: फुजिमोरी १९९२ की कास्तियो २०२२

खेळ एकच, निकाल मात्र एकदम उलटे. ५ एप्रिल १९९२ ला राष्ट्राध्यक्ष अल्बेर्तो फुजिमोरीने टीव्हीवर येऊन संसद बरखास्त केली, कोर्टांनाही हात घातला, रस्त्यावर रणगाडे, आणि गंमत म्हणजे लोक बऱ्यापैकी खुशच होते कारण महागाई आणि शायनिंग पाथ या माओवादी बंडखोर गटाच्या हिंसाचाराने सगळे वैतागलेले, मग १९९३ ला नवी राज्यघटना आणि साहेब २००० पर्यंत खुर्चीत, राजीनामा पाठवला तो पण जपानमधून फॅक्सने!

७ डिसेंबर २०२२ ला राष्ट्राध्यक्ष पेद्रो कास्तियोने तेच केलं, पण लष्कर पाठीशी नाही, पब्लिक नाही, काही तासांत संसदेने १०१ मतांनी काढला आणि मेक्सिकोच्या दूतावासाकडे जाताना अटक.

म्हणजे २०२२ ला संस्था सुधारल्या होत्या? मला नाही वाटत. फक्त पारडं फिरलं. ‘कायमची नैतिक अक्षमता’ असं राज्यघटनेत एक मोघम कलम आहे, तेव्हाच्या संसदेत १३० पैकी ८७ मतं जमली की राष्ट्राध्यक्ष घरी, नोव्हेंबर २०२० मध्ये तर आठवडाभरात तीन राष्ट्राध्यक्ष झाले. आधी एकटा माणूस डोईजड, आता संसद, आणि कास्तियोच्या जागी आलेल्या दिना बोलुआर्तेलाही ऑक्टोबर २०२५ मध्ये त्याच कलमाने उडवलं.