रेपोवालं गृहकर्ज : दोन वर्षांनंतरचा अनुभव, आणि १ तारखेचा वैताग

५ डिसेंबर २०२५ ला रेपो, म्हणजे रिझर्व्ह बँक बँकांना उसने देते तो दर, ५.५० वरून ५.२५ वर आला. आमच्या कर्जाचा दर रेपोप्रमाणे दर तीन महिन्यांनी नव्याने लागतो, तो रीसेट होता १ डिसेंबरला. चार दिवसांनी हुकलं, पुढचा थेट १ मार्चला. जूनमध्येही हेच झालं : ६ तारखेला अर्धा टक्का उतरला, आणि आमचा रीसेट १ तारखेलाच उरकलेला. २९ लाख शिल्लक असताना अर्धा टक्का तीन महिने म्हणजे साडेतीन हजारांच्या आसपास. चतुर्थीची माटोळी (गोव्यात गणपतीच्या वर बांधतात ती फळाफुलांची) त्यात सुटली असती.

शाखेत विचारलं, तर साहेब म्हणाले, "सर, तारीख सिस्टीम घेते. नियम तीन महिन्यांतून किमान एकदाचा आहे." नियम बरोबर आहे. पण कर्ज देताना ही तारीख कुणी तोंडातून काढत नाही. दर, प्रोसेसिंग फी, विमा, सगळं ऐकवतात. तुम्ही घेणार असाल तर रीसेटची तारीख आधी विचारा.

फोंड्यातला फ्लॅट, ३० लाख, २० वर्षं, रेपो अधिक दोन टक्के. २०२३ च्या अखेरीस दर ८.५०, हप्ता २६,०३५. एका गृहवित्त कंपनीचा एजंट पाव टक्का स्वस्त देत होता, पण त्यांचा दर त्यांच्याच पीएलआरवर, म्हणजे कंपनी स्वतः ठरवते त्या मूळ दरावर, हलतो. रेपोसारख्या बाहेरच्या दराशी बांधायची सक्ती ऑक्टोबर २०१९ पासून आहे ती बँकांना. तिथेच विषय संपला. कागदपत्रांबद्दल लिहीत बसत नाही. एक-चौदा (गोव्यातला सातबारा), जमीन रूपांतराची सनद, ऑक्युपन्सी (भोगवटा दाखला), आणि गोव्याच्या कायद्याने नवराबायकोची मालमत्ता सामाईक असल्यामुळे दोघांच्या सह्या. इथल्यांना ते पाठ आहे.

फिक्स्डचा (न हलणाऱ्या दराच्या कर्जाचा) मोह मला होता. ऑफिसातल्या एकाने २०२२ च्या सुरुवातीला पावणेसातने फ्लोटिंग (हलत्या दराचं) कर्ज घेतलं होतं. मे २०२२ ते फेब्रुवारी २०२३ मध्ये रेपो ४ वरून साडेसहावर गेला आणि त्याचा जवळजवळ अख्खा हप्ता व्याजातच जायला लागला. ते डोळ्यांसमोर होतं. मग फिक्स्डचा कागद मागवला. दर दहा टक्के, हप्ता २८,९५१. महिन्याला २,९१६ जास्त, तेही तीनच वर्षं, पुढे दर पुन्हा ठरणार. वर मुदतीआधी फेडलं तर दंड. फ्लोटिंगवर वैयक्तिक कर्जदाराला तो दंड नाही. बाबांच्या सत्तरी तालुक्यातल्या काजूचे पैसे हंगाम संपला की कर्जात भरायचा आमचा बेत, त्यामुळे फिक्स्ड बाद. निवृत्ती जवळ आली असेल आणि हप्ता हजाराने वाढला तरी घर हलणार असेल, तर वेगळा विचार करा. पण "फिक्स्ड किती वर्षं?" हे लेखी घ्या. २०२३ मध्ये रिझर्व्ह बँकेने रीसेटच्या वेळी फिक्स्डला जायचा पर्याय द्यायलाच लावला होता. ऑक्टोबर २०२५ पासून तो बँकेच्या मर्जीवर आहे.

दर उतरूनही हप्ता तोच राहिला म्हणून सप्टेंबरात मी चिडलो होतो. भांडायच्या तयारीने स्टेटमेंट काढलं. दर साडेसात, हप्ता तोच २६,०३५, आणि शेवटचा हप्ता सुमारे अडीच वर्षं अलीकडे सरकलेला. तक्रार गिळली. हप्ता कमी करून घेता येतो. बायको तेच म्हणत होती. आता तीही म्हणत नाही. दर चढले की हीच गंमत उलटी होते, तेव्हा हप्ता वाढवायचा की मुदत, हे आपण सांगायचं असतं. गप्प बसलात तर मुदत वाढते.

एक अनपेक्षित फायदाही झाला. स्प्रेडमधले, म्हणजे रेपोवर लावलेल्या त्या दोन टक्क्यांमधले, काही भाग पूर्वी तीन वर्षांआधी बदलता येत नव्हते. ऑक्टोबर २०२५ पासून ग्राहक टिकवायला बँक ते आधीही कमी करू शकते. शाखेतल्या साहेबांनी "असं काही नसतं" म्हणून हात झटकले. मग तक्रार निवारणाच्या ईमेलवर लिहिलं, दुसऱ्या बँकेचं ऑफर लेटर जोडलं. स्प्रेड दोनवरून १.८० झाला. शाखेतल्या साहेबांना याची अजून खबर नाही, परवा ते पुन्हा "असं काही नसतं" म्हणाले.