दुबईहून आयफोन १७ मागवावा का?

गुहागरच्या बाजूला घरटी कुणी ना कुणी आखातात असतंच, त्यामुळे नवा फोन घ्यायचा म्हटलं की "येताना घेऊन या" असा निरोप जातो. माझे भावजी दुबईला असतात. त्यांनीच विचारलं, "वहिनी, माझ्यासारखाच आणू का तुम्हाला?" दिवाळीत ते आले तेव्हा त्यांचा आयफोन १७ मनसोक्त हाताळला, त्यावरून हे लिहितेय. वेळणेश्वरला आमचा होमस्टे आहे. बुकिंग, फोटो, पैसे, सगळं माझ्या फोनवरच चालतं.

फोन सुरेख आहे. तिन्हीसांजेला अंगणातल्या पणत्यांचा फोटो काढला, तर मागचं तुळशीवृंदावन आणि त्यावरच्या गेरूच्या रेघासुद्धा स्वच्छ आल्या. माझ्या जुन्या फोनात तिथे नुसता पिवळा डाग येतो. भर उन्हात पुळणीवर स्क्रीन नीट वाचता येते. सुरुवातच २५६ जीबीपासून आहे, म्हणजे पाहुण्यांचे व्हिडिओ पुसत बसायला नको.

मग सिमचा कप्पा शोधला. चारही कडांवरून बोट फिरवलं, खाच नाहीच! आयफोन १७ पासून यूएई, सौदी, कुवेत, ओमान, कतार आणि बहारीनमध्ये फक्त ई-सिमचे, म्हणजे काढता-घालता न येणारं, फोनमध्येच असलेलं सिम वापरणारे फोन विकतात. अमेरिकेत तर २०२२ च्या आयफोन १४ पासूनच तसं आहे. भारतातल्या आयफोन १७ मध्ये मात्र साधं सिमही बसतं आणि ई-सिमही चालतं.

मुंबई-पुण्यात याचं कुणाला फारसं काही वाटणार नाही. आमच्याकडे पावसात लाइट गेली की कधी येईल याचा नेम नाही. चार्जिंग संपलं, फोन भिजला किंवा फुटला की सिम काढायचं आणि बटणाच्या फोनात घालायचं, ही इथली रीत. ई-सिमचं तसं होत नाही. दुसरा फोनही ई-सिम घेणारा हवा, नेट हवं, आणि सिम बदललं की २४ तास एसएमएस बंद, म्हणजे बँकेचा ओटीपी येत नाही. ऐन मे महिन्यात पाहुणे दारात उभे असताना मला हे परवडणार नाही. ३ जून २०२० ला निसर्ग वादळ आलं, त्यानंतर दापोलीकडे कितीतरी दिवस वीज नव्हती. केळशीच्या मावशीशी पहिल्यांदा बोलणं झालं ते तिचं सिम शेजाऱ्यांच्या साध्या फोनात घातल्यावर. तोवर आमच्या जिवाचं पाणी झालं होतं.

राहता राहिली किंमत. दुबईत ३,३९९ दिरहम. दिरहमला २४ रुपये धरले तर साडेएक्क्याऐंशी हजारांच्या आसपास जातो. आपल्याकडे ८२,९००. कार्डावर सूट मिळाली आणि जुना फोन एक्स्चेंजमध्ये दिला, तर इथलाच स्वस्त पडतो. तिकडे स्वस्त मिळतं हे पूर्वी खरं असेल, या फोनच्या बाबतीत नाही.

भावजींना नको म्हणून कळवलंय. मी चिपळूणहून बिलासकट घेणार आहे.

कुणाला आखातातूनच आणायचा असेल तर आयफोन १६ बघा, तिथल्या त्या मॉडेलला सिमचा कप्पा आहे. आणि कुणी वापरलेला देत असेल तर *#०६# दाबून आयएमईआय, म्हणजे फोनचा ओळख क्रमांक काढा आणि पैसे देण्याआधी तो सरकारच्या संचार साथी पोर्टलवर तपासा.