छापील नकाशावर काम, की कोऱ्या कागदावर नवा नकाशा?

एखादी जागा कलेतून समजून घ्यायची तर एक पर्याय म्हणजे छापील नकाशा घेऊन त्याच्यावरच काम करणं आणि दुसरा म्हणजे आठवणीतून स्वतः नकाशा काढणं.

पहिल्यात मोजमापाचा आधार आयता मिळतो. फ्रेंच विचारवंत आणि चित्रपटकार गी दबोर यांनी १९५७ मध्ये पॅरिसचा नकाशा कापून त्याचे तुकडे दूरदूर मांडले आणि लाल बाणांनी जोडले. मूळ शहर ओळखीचं असल्यामुळेच ती मोडतोड बोलकी ठरते. इटालियन कलावंत अलिघिएरो बोएत्ती यांचे १९७१ पासूनचे जगाचे नकाशे अफगाण स्त्रियांनी भरतकाम करून घडवले, प्रत्येक देशाच्या आकारात त्याचा झेंडा. देश फुटले, झेंडे बदलले, तसे पुढचे नकाशेही बदलले. पण सर्वेक्षणानं जे वगळलं, ते इथे सहसा बाहेरच राहतं.

आठवणीतला नकाशा प्रमाणाला जुमानत नाही. रोजची वाट ऐसपैस पसरते, न पाहिलेली वस्ती आक्रसते किंवा गायबच होते. अमेरिकी नगररचनाकार केविन लिंच यांनी १९६० च्या आपल्या अभ्यासात बोस्टन, जर्सी सिटी आणि लॉस एंजेलिसच्या रहिवाशांकडून असेच नकाशे काढून घेतले होते. कुठे जायची भीती वाटते, कुठे थांबावंसं वाटतं, हे सर्वेक्षणाच्या नकाशात सापडत नाही. परक्याला मात्र टिपांशिवाय फारसं कळत नाही. (चित्रकला येत नाही ही सबब इथे चालत नाही, वेड्यावाकड्या रेघाही पुरतात.)

संस्कृती शोधायची असेल तर माझं मत दुसऱ्याला, आणि तेही एकाच जागेचे नकाशे अनेकांकडून काढून घेतले तर. इतिहास किंवा सीमांचं राजकारण हा विषय असेल, तर छापील नकाशाच कापायला घ्या.