आरएक्स ६६०० बाहेर, लॅपटॉप १४ इंची: आठ महिन्यांच्या वापरानंतर

गेम खेळण्यासाठी लॅपटॉपला बाहेरून ग्राफिक्स कार्ड जोडलं आहे. सेटअप असा आहे: १५ वॅटचा प्रोसेसर, १६ जीबी रॅम आणि एम.२ चे (एसएसडी बसते ते छोटे) दोन स्लॉट असलेला लॅपटॉप. एका स्लॉटमध्ये विंडोजची एसएसडी, दुसऱ्यात एम.२ ते पीसीआयई (ग्राफिक्स कार्ड बसतं ती जोडणी) रिबन अडॅप्टर, म्हणजे चपट्या केबलने जोडलेला बोर्ड. अडॅप्टरच्या बोर्डावर ८ जीबीचं आरएक्स ६६०० ग्राफिक्स कार्ड आणि त्याला वीज देणारा ४५० वॅटचा एसएमपीएस. एप्रिल ते नोव्हेंबर, म्हणजे इंदूरचा उन्हाळा आणि पावसाळा दोन्ही यात आले.

आधी वायरबद्दल, कारण पैसे इथेच वाया जातात. वायफायच्या स्लॉटमधून निघणाऱ्या स्वस्त अडॅप्टरला एकच लेन (डेटा जाण्याची वाट) मिळते, पीसीआयई २.० वर ती सेकंदाला ५०० एमबीच्या वर जात नाही. एम.२ एसएसडीच्या स्लॉटमध्ये सहसा चार लेन असतात, ३.० वर जवळपास ४ जीबी. थंडरबोल्ट ३ (केबलने बाहेरचा बॉक्स जोडायचा पोर्ट) चा आकडा ४० गीगाबिट असला तरी कार्डाच्या वाट्याला प्रत्यक्षात २२ च्या आसपासच येतात, म्हणजे सेकंदाला पावणेतीन जीबीच. म्हणून बाहेरच्या बॉक्सपेक्षा उघडा रिबन वेगवान ठरतो, फक्त चालू असताना काढता-घालता येत नाही. दिसायला वाईट आहे, पण माझं मत रिबनच्या बाजूने आहे.

जोडणीआधी लॅपटॉपच्या आतल्या बॅटरीचा कनेक्टर काढाच. रिबन कडक घडी घालून वळवू नका, गोलाई ठेवा. तळाच्या कव्हरला खाच पाडावी लागते. कार्ड स्लॉटमधून ७५ वॅटपर्यंत ओढू शकतं आणि ती वीज अडॅप्टरच्या बोर्डातून जाते. बोर्डाला साटा कनेक्टरवरून (हार्ड डिस्कला वीज देणारा) कन्व्हर्टर लावून वीज देऊ नका. साटाच्या १२ व्होल्टची मर्यादा ५४ वॅट आहे. प्लास्टिक पिवळं पडतं आणि मग जळतं. कार्डाची ८ पिन केबल वेगळी लावायची.

चालू करताना एसएमपीएस आधी, लॅपटॉप नंतर. बायोस (विंडोजच्या आधी चालणारा प्रोग्राम) उपकरणं शोधते त्या क्षणी कार्ड जागं नसेल तर विंडोजला ते दिसतच नाही. बोर्डावर डिलेचा (सुरू व्हायला उशीर करणारा) स्विच असेल तर तो बदलून पाहा. कार्ड दिसतंय पण डिव्हाइस मॅनेजरमध्ये कोड १२ येतोय, तर कार्डाला द्यायला मेमरीचे पत्ते कमी पडताहेत. लॅपटॉपमध्ये आधीच वेगळं ग्राफिक्स कार्ड असेल तर ते डिसेबल करून रिस्टार्ट करा.

लिंक खरंच चार लेनवर आहे का, हे जीपीयू-झेड या कार्डाची माहिती दाखवणाऱ्या प्रोग्रामात बघा. कार्ड रिकामं असताना तिथे पीसीआयई १.१ दिसतं, घाबरू नका. शेजारच्या प्रश्नचिन्हावर क्लिक करून रेंडर टेस्ट लावली की खरा आकडा येतो. गेम मधेच अडखळत असेल तर विंडोजच्या इव्हेंट व्ह्यूअरमध्ये डब्ल्यूएचईए-लॉगर (हार्डवेअरच्या चुकांची नोंद), आयडी १७ शोधा. तो ढिगाने येत असेल तर दोष बहुधा रिबनचा: सिग्नल बिघडतोय आणि डेटा पुन्हा पाठवावा लागतोय. ५० सेंटीमीटरऐवजी २५ ची रिबन घ्या. विंडोजच्या पॉवर प्लॅनमध्ये लिंक स्टेट पॉवर मॅनेजमेंट बंद ठेवा. तरीही थांबलं नाही तर बायोसमध्ये स्लॉट पीसीआयई २.० वर उतरवा. वेग कमी होतो, पण गेम बंद पडत नाही.

मॉनिटर कार्डालाच जोडा. लॅपटॉपच्या स्क्रीनवर खेळलात तर तयार झालेली प्रत्येक फ्रेम त्याच अरुंद वाटेने परत येते. लोकांना पटत नाही ती गोष्ट अशी, की १०८० वर १४४ एफपीएसच्या (सेकंदाला फ्रेम) मागे लागण्यापेक्षा १४४० वर ७५ एफपीएसला लॉक केलेला गेम जास्त सुरळीत चालतो. फ्रेम जितक्या जास्त, तितका वायरवर आणि १५ वॅटच्या प्रोसेसरवर ताण. व्हीरॅम (कार्डाची मेमरी) भरला की टेक्सचर वायरवरून ये-जा करू लागतात आणि झटके बसतात. म्हणून ८ जीबीपेक्षा कमी घेऊ नका, आणि फार महागडं कार्डही इथे फुकट जातं.

आता विजेबद्दल. लाइट गेली की लॅपटॉप बॅटरीवर चालू राहतो, पण कार्ड मेलेलं असतं. विंडोज तिथेच गोठते. ६०० व्हीएचा यूपीएस सुमारे ३६० वॅट देतो, कार्डाचे १३२ आणि मॉनिटर धरून सेव्ह करून बंद करण्याइतका वेळ मिळतो. इंदूरच्या रामबागेसारख्या जुन्या वस्तीत बऱ्याच घरांत अर्थिंग नीट नसतं. कार्डाच्या पत्र्याला हात लावल्यावर झिणझिण्या आल्या तर आधी इलेक्ट्रिशियनला बोलवा. लॅपटॉपचा चार्जर आणि एसएमपीएस एकाच अर्थिंगच्या बोर्डावर ठेवा.

उघड्या कार्डात मे महिन्याची धूळ भराभर साठते. पंधरा दिवसांनी ब्रश फिरवायला हवा, पंखा बोटाने धरून. ऑगस्टमध्ये कार्ड अधूनमधून गायब होऊ लागलं, तेव्हा दोष ड्रायव्हरचा नव्हता. एम.२ च्या सोनेरी पट्ट्यांवर काळपट थर चढला होता. सगळी वीज काढून पांढऱ्या खोडरबरने हलक्या हाताने घासलं, चुरा आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसला, स्क्रू परत घट्ट केला. तेव्हापासून कार्ड पहिल्याच स्टार्टला दिसतं.