गूगल डॉक्सवर मराठी लेखनाचा पेपर : वर्षभर वापरल्यानंतर

रत्नागिरी जिल्ह्यातल्या एका कॉलेजात मी मराठी शिकवते आणि लेखनकौशल्याचा पेपर गेलं वर्षभर गूगल डॉक्स आणि गूगल क्लासरूमवर चालवतेय. तपासणीचा वेळ वाचेल म्हणून कोणी हे करणार असेल तर नका करू, वेळ उलट जास्त जातो. मला हे सगळं हवंय ते व्हर्जन हिस्ट्रीसाठी. मुलीने आधी काय लिहिलं, काय खोडलं, कुठला परिच्छेद उचलून वर नेला, सगळं तारीख-वेळेसकट दिसतं. वहीत आपल्या हातात फक्त फेअर कॉपी येते आणि आपण इतकी वर्षं मार्क त्या फेअर कॉपीलाच देत आलो.

म्हणून मग पेपरच बदलला. आधी निबंध, पत्र, सारांश, वृत्तांत असं एकामागून एक उरकलं जायचं, बरीच मुलं गाइडमधलं उतरवून आणायची आणि ते मला पण कळायचं, त्यांना पण माहीत असायचं. आता सेमिस्टरला मोजकीच लेखनं, पण प्रत्येकाचा पहिला खर्डा, त्यावर वर्गातल्या दोघांच्या कमेंट, मग दुसरा खर्डा, आणि शेवटी अर्धं पान की मी काय बदललं आणि का बदललं. अंतर्गत गुणांतला मोठा वाटा त्या बदलांना.

एक उदाहरण देते. पावसाळी मासेमारी बंदीवर, म्हणजे १ जून ते ३१ जुलै, खारवी, म्हणजे मच्छीमार समाजातल्या एका मुलाने लिहिलं. पहिला खर्डा 'मासेमारी हा कोकणचा महत्त्वाचा व्यवसाय आहे' असा, चार ओळी प्रस्तावना, चार ओळी समारोप. मैत्रिणीने कमेंट टाकली, "हे कुठेपण मिळेल रे, तुमची होडी जूनमध्ये कुठे असते ते लिही ना." दुसऱ्या खर्ड्यात होडी किनाऱ्यावर ओढून शाकारणं आलं, जाळी दुरुस्त करत बसणारी माणसं आली, नेपाळी खलाशी गावाला जातात ते आलं. मग कोणीतरी विचारलं, बंदी सगळ्यांनाच असते का? तेव्हा त्याने घरी विचारून वाक्य घातलं की बंदी यांत्रिक नौकांना आहे, वल्ह्याच्या बिगरयांत्रिक होड्यांना नाही, आणि मागचं कारण पण लिहिलं, माशांच्या प्रजननाचा काळ आणि खवळलेला समुद्र. हे मी लाल पेनाने 'विस्तार करा' असं लिहून कधीच मिळवलं नसतं. वाचणारं माणूस समोर आहे, त्याला खरंच काहीतरी कळलेलं नाही, आणि त्याच जागी बोट ठेवून त्याने विचारलंय, या तीन गोष्टी एकत्र आल्या की मूल लिहितं.

कोकमाची सोलं कशी करतात यावर पण असंच. रातांबे फोडणं, साली मीठ घातलेल्या रसात बुडवून उन्हात टाकणं, परत बुडवणं, परत वाळवणं. घरचे सगळेच हे करतात म्हणून मुली मधल्या पायऱ्या गाळतात, आणि लांज्याच्या वरच्या अंगाची मुलगी लगेच विचारते, रस आला कुठून?

बोलून टाइप करणं हा मला सगळ्यात मोठा फायदा वाटतो. आमची बहुतेक मुलं फोनवरच लिहितात, कीबोर्डवरच्या माइकला मराठी चांगलं कळतं, आणि वहीत चार ओळींवर अडणारी मुलगी बोलून पानभर मजकूर आणते. विरामचिन्हं नसतात, वाक्यं एकमेकांत घुसलेली असतात, पण सांगण्यासारखं तिच्याकडे होतं हे तिचं तिला दिसतं, मग दुरुस्त करायला आपण आहोतच.

आता कामाच्या गोष्टी. हिस्ट्री बघायला एडिटरचा हक्क लागतो, नुसता व्ह्यूअर चालत नाही. क्लासरूममध्ये असाइनमेंट देताना प्रत्येकाला वेगळी कॉपी हा पर्याय निवडायचा, नाहीतर सगळा वर्ग एकाच फाइलमध्ये. मुलाने टर्न इन, म्हणजे जमा केलं की तुम्ही परत करेपर्यंत किंवा त्याने स्वतः अनसबमिट करेपर्यंत त्याला त्यात लिहिता येत नाही, ते आधी सांगून ठेवा. जुन्या आवृत्त्या कधीकधी एकत्र केल्या जातात, म्हणून खर्डा पूर्ण झाला की लॅबमध्ये कॉम्प्युटरवरून त्या आवृत्तीला नाव देऊन टाकायचं. आणि फाइल ऑफलाइन करून ठेवायला पहिल्याच तासाला शिकवा, कारण जुलैत लाइट गेली की आमच्याकडे रेंज पण जाते, पण फोनवर लिहिलेलं राहतं आणि एसटी स्टँडवर आल्यावर आपोआप वर चढतं. श्रीलिपीसारख्या जुन्या फॉन्टमधला मजकूर इथे चिकटवला तर अगम्य अक्षरं उमटतात, युनिकोडच लागतं.

एआयबद्दल सगळे विचारतात. पानभर मजकूर एका क्षणात आलाय हे हिस्ट्रीत दिसतं, पण तेवढ्यावरून चोरी ठरवू नका, खूप मुलं व्हॉट्सअ‍ॅपवर स्वतःलाच मेसेज करत लिहितात आणि मग चिकटवतात. मी त्या मजकुरावर तीन प्रश्न टाकते आणि पुढचा खर्डा काय येतो ते बघते. ज्याचं लिखाण त्याचंच असतं तो उत्तर देताना आणखी लांब लिहितो.

सेमिस्टरची लेखी परीक्षा मात्र अजून कागदावर, ठरलेल्या वेळात, एकाच बैठकीत. ज्या मुलीने वर्षभर दुसऱ्या खर्ड्यात कमाल केली तिचा तिथे पहिलाच खर्डा तपासला जातो. निदान एक प्रश्न आधीच्या लेखनाच्या फाइलवर ठेवा अशी मागणी मी विभागाच्या बैठकीत लेखी दिली आहे. तुमच्या कॉलेजात कोणी असं मंजूर करून घेतलं असेल तर प्रश्नाचं स्वरूप कसं ठेवलं ते कृपया सांगा.