वैचारिक निबंधातली क्रियाविशेषणे: शब्दयादीतून शिकवावीत, उताऱ्यातून की मुलांच्या मसुद्यातून?

आठवी-नववीच्या वैचारिक निबंधात असे एखादे वाक्य हमखास असते: ‘मोबाइलमुळे मुलांची एकाग्रता पूर्णपणे नष्ट झाली आहे.’ व्याकरणाच्या दृष्टीने त्यात काहीच वावगे नाही. अडचण ‘पूर्णपणे’ या एका शब्दात आहे, कारण पुढच्या ओळीत पुरावा म्हणून वर्गातल्या चार मुलांचे उदाहरण येते. चार मुलांवरून ‘पूर्णपणे’ म्हणता येत नाही. वर्णनात क्रियाविशेषण क्रियेची रीत सांगते. वादात ते दाव्याचे माप ठरवते आणि शिकवायचे आहे ते हे माप. पुढच्या तीनही पद्धती याच कसोटीवर पाहू.

शब्दयादी

तयारी सर्वांत कमी आणि एका तासिकेत काम उरकते, म्हणून बहुतेक ठिकाणी हीच वाट धरली जाते. फळ्यावर वीस-पंचवीस शब्द लिहायचे, कालवाचक, स्थलवाचक, रीतिवाचक असे गट पाडायचे आणि ‘निबंधात वापरा’ म्हणायचे. पुढच्या आठवड्यात प्रत्येक वहीत ‘निःसंशयपणे’ आणि ‘खरोखरच’ यांची पेरणी झालेली दिसते. मुलांचा यात दोष नाही. यादीने शब्द दिले, पण कोणता किती जड हे सांगितले नाही.

यादीच द्यायची असेल तर तिची शिडी करा. दहा-बारा शब्द पुरतात. खात्रीची शिडी: नक्कीच, बहुधा, कदाचित. वारंवारतेची: नेहमी, बऱ्याचदा, अधूनमधून, क्वचित. व्याप्तीची: पूर्णपणे, बहुतांशी, अंशतः. शिडी देताना तीन खड्डे आधीच दाखवून ठेवा. ‘अजिबात’ आणि ‘मुळीच’ यांना नकार लागतो, ‘सहसा’ही नकाराकडेच झुकतो. ‘बहुधा’ हा शब्द मुले सर्रास ‘बहुदा’ असा लिहितात. आणि ‘बहुतेक’ दुहेरी आहे: ‘बहुतेक मुले येतील’ म्हणजे पुष्कळशी मुले येतील, की मुले येण्याची शक्यता आहे? बोलताना आघाताने हे कळते, लिहिताना कळत नाही. निबंधात शक्यतेसाठी ‘बहुधा’ वापरायची सवय लावलेली बरी.

गाळलेल्या जागांचा उतारा

दीडशे-दोनशे शब्दांचा मत मांडणारा उतारा घ्यायचा, त्यातली सात-आठ क्रियाविशेषणे गाळायची आणि जोडीजोडीने भरायला द्यायची. उत्तरपत्रिका ठेवायची नाही. ‘हाच शब्द का?’ याचे कारण उताऱ्यातल्या वाक्यावर बोट ठेवून सांगायचे. यादीत नसलेली गोष्ट इथे मिळते: शब्द आणि पुरावा शेजारी शेजारी दिसतात.

हा प्रयोग फसतो तो जागा निवडताना. ‘व्यायामाने शरीर ____ सुदृढ होते’ यात काहीही बसते, त्यामुळे चर्चा होतच नाही. जिच्या आगेमागे आकडा, उदाहरण किंवा अपवाद आहे, अशीच जागा गाळायची. चांगला उतारा तयार करायला पाऊण तास सहज जातो. मोठी मर्यादा वेगळीच आहे: दुसऱ्याच्या लेखनातले माप अचूक ओळखणारी मुले स्वतःच्या वहीत पुन्हा ‘पूर्णपणे’ लिहितात. ओळखणे आणि वापरणे यांतले अंतर उतारा आपोआप भरून काढत नाही.

मुलांचा स्वतःचा मसुदा

आमचा कौल याच पद्धतीला आहे. मुलांनी दहा-बारा ओळींचा मसुदा लिहावा. मग त्याच वहीत प्रत्येक दाव्याखाली रेघ ओढावी, क्रियाविशेषणाला गोल करावा आणि समासात ‘कशावरून?’ याचे उत्तर लिहावे. त्यानंतर गोल केलेला शब्द झाकून वाक्य वाचावे. अर्थ बदलत नसेल तर शब्द काढून टाकावा. पुरावा दाव्यापेक्षा तोकडा असेल तर शिडीवर एक पायरी खाली उतरावे, भरभक्कम असेल तर एक पायरी वर चढावे. ही वर चढण्याची पायरी बहुतेक वेळा शिकवायचीच राहते. मग मुले उलट्या टोकाला जातात आणि ‘कदाचित बहुधा असे वाटू शकते’ अशी वाक्ये येऊ लागतात. त्यावर साधा नियम असा: एका दाव्यात माप कमी करणारा शब्द एकच.

विरोधी मताची वाक्येही याच चाळणीतून जाऊ द्या. ‘विरोध करणारे नेहमीच स्वार्थी असतात’ यातला ‘नेहमीच’ सर्वांत आधी पकडावा लागतो.

पन्नास वह्या तपासण्याची धास्ती रास्त आहे. पण संपूर्ण निबंध तपासायचा नसतो. मुलाने स्वतः निवडलेली तीनच वाक्ये पाहा. वहीमागे दोन मिनिटे धरली तरी काम पावणेदोन तासांत आटपते.

मराठीची खरी गंमत याच पद्धतीत हाती लागते. ‘गृहपाठामुळेच ताण येतो’, ‘गृहपाठामुळे ताणच येतो’, ‘गृहपाठामुळे ताण येतोच’. पहिल्यात दुसरे कुठलेही कारण नाही असा दावा आहे, दुसऱ्यात दुसरा कुठलाही परिणाम नाही असा आणि तिसऱ्यात अपवाद नाही असा. तिन्हींना लागणारा पुरावा निराळा. ‘च’ हे व्याकरणात शब्दयोगी अव्यय आहे, क्रियाविशेषण नव्हे. तरीही ते वगळले तर मराठीतल्या ठासून सांगण्याचा अर्धा भाग शिकवायचा राहतो. नकाराचेही तसेच: ‘मुले गृहपाठ नेहमी करत नाहीत’ या वाक्याचे दोन अर्थ निघतात. कधीच करत नाहीत की कधीकधी चुकवतात, हे लिहिणाऱ्याकडून वदवून घ्या आणि वाक्य बदलायला लावा.

एक सावधगिरी. इंग्रजी साहित्यावरून पाठ बेतताना ‘म्हणून’, ‘तरीही’, ‘परंतु’ हे शब्द क्रियाविशेषणांच्या तक्त्यात शिरतात. मराठीत ती उभयान्वयी अव्यये आहेत. युक्तिवादात ती हवीतच, पण त्यांचा पाठ वेगळा घ्या. एकत्र केले की व्याकरणाच्या उत्तरात मुले गोंधळतात.

निवड करताना

दोनच तासिका हाताशी असतील तर उतारा सोडा: पहिल्या तासिकेत शिडी आणि मसुदा, दुसरीत दुरुस्ती. चार असतील तर शिडीनंतर एक उतारा घेऊन मगच मसुद्याकडे वळा. ज्या वर्गाला सलग दहा ओळी लिहिणे जड जाते, तिथे मात्र सुरुवात उताऱ्यानेच करावी, कारण दुरुस्त करायला आधी काहीतरी लिहिलेले असावे लागते. परीक्षेत क्रियाविशेषणाचा प्रकार ओळखायचा असेल तर प्रकारांची यादी हवीच. ती व्याकरणाच्या तासाला ठेवा.

तीन आठवड्यांनी, काहीही आठवण न करून देता, नवा विषय द्या. क्रियाविशेषणे किती आली हे मोजू नका. प्रत्येक वहीतले तीन दावे घ्या आणि शब्दाचे माप पुराव्याला बसते का तेवढे पाहा.